पैजेचा प्रवेश कोण लिहिणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या नाटकांवरून बेतलेल्या प्रेमपटांवरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' (१९९९) म्हणजे शेक्सपिअरला नुसती जीन्स चढवली, हा त्यातला शेरा मला पटला नाही.

या सिनेमाचं मूळ म्हणजे शेक्सपिअरचं 'टेमिंग ऑफ द श्रू' हे नाटक. आम्हाला ते ठाऊक 'त्राटिका' म्हणून. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ते मराठीत आणलं, शाहूनगरवासी नाटक मंडळीने गाजवलं. आमच्या रामबागेतल्या घरी एखादी मुलगी चढ्या आवाजात बोलली की आजी तिला त्राटिकाच म्हणायची. पहिला मान माझा.

मूळ नाटकात नायक पेट्रुशिओ उघडच पैशासाठी लग्न करतो. हुंडा वीस हजार क्राउन. मग करपलंय म्हणून बायकोचं ताट परत पाठवायचं, तिला झोपू द्यायचं नाही, भर दुपारच्या सूर्याला चंद्र म्हणायला लावायचं. शेवटी कोणाची बायको हाकेसरशी येते यावर शंभर क्राउनची पैज लागते. ती हा जिंकतो, आणि सासरा खूश होऊन आणखी वीस हजार देतो. बाई वठणीवर आणल्याचा दुसरा हुंडाच की हा!

सिनेमातही पैसे आहेत. थोरली कोणाबरोबर फिरायला गेली तरच धाकटीला परवानगी, असा बापाचा नियम. म्हणून धाकटीवर डोळा असलेला जोई थोरल्या कॅटला फिरवायला पॅट्रिकला पैसे चारतो. पण इथे ते पैसे बक्षीस नाहीत, पाप आहे. ते उघडं पडतं तेव्हा मान खाली जाते पॅट्रिकची. कॅट वर्गात कविता वाचताना रडते खरी, पण तिची जीभ शाबूत राहते आणि हव्या त्या दूरच्या कॉलेजातही बापाला तिला पाठवावंच लागतं. लेखात याचा उल्लेखही नाही.

शेवट मात्र गुंडाळलेला. पॅट्रिकने त्याच पैशांतून कॅटला गिटार आणून दिली की मिटलं? माझी नात तर चिडलीच. "आजी, गिटार विकून पैसे त्या जोईच्या तोंडावर मारायचे ना!"

इंदुरातल्या एखाद्या हौशी मंडळीने 'त्राटिका' पुन्हा बसवावी. फक्त पैजेचा प्रवेश आजच्या मुलींकडून लिहून घ्यावा. आमच्याकडची एक तयार आहे.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर