बाटलीवर लेबल पाण्याचं

लोटे, रविवार

प्रिय नान्या,

गणपतीला येतो म्हणालो, आलो नाही, वर फोनही नाही. शिव्या राखून ठेव, भेटलो की घाल. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे.

परवा सेकंड शिफ्टला सॉल्व्हंट यार्डात कॉन्ट्रॅक्टचा एक पोरगा सापडला. पाण्याच्या लिटरच्या बाटलीत मिथेनॉल भरलेलं, म्हणजे आपलं ते विषारी स्पिरिट, लेबल पाण्याचंच, बूच घट्ट. म्हणे, "साहेब, हाताचा ऑइलपेंट काढायला." बोटं खरंच पेंटने माखली होती, खोटं बोलत नसावा. पण बाटली निघाली होती कँटीनच्या बाकाकडे, डब्यांच्या शेजारी. दिसायला पाणी आणि ज्याला प्यायची सवय आहे त्याला वासाला दारू!

इथे कुणाला सांगितलं की म्हणतात, लिटरभराचं काय घेऊन बसलास. म्हणून तुला लिहितोय. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला याच मिथेनॉलच्या विषारी दारूने शंभराच्या वर माणसं गेली, तेव्हा तू पेपर हातात घ्यायचं बंद केलं होतंस, मामांमुळे. मामांच्याही पोटात हेच गेलं होतं. रात्री नीट जेवले, गप्पा मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी म्हणाले, ट्यूब का लावली नाही? हा मधला वेळच दगा देतो. पोटात गेल्यावर पुष्कळदा बारा-चोवीस तास काही वाटतच नाही. तोवर लिव्हर त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड, मग फॉर्मिक अॅसिड करत बसतं, आणि ते डोळ्याची नस धरतं. उतारा आहे, फोमेपिझोल किंवा इथेनॉल, जोडीला डायलिसिस. पण वेळेत पोचला तर ना. आमच्या फर्स्ट एडच्या कपाटात बँडेज आणि ओआरएस.

आणि समजा कुणी प्यायलं नाही. पोरगा कोपरापर्यंत त्यानेच हात चोळतो, ते कातडीतूनही आत जातं. दिलेत नायट्राइलचे पातळ हातमोजे, त्यातून हे बघता बघता आरपार. ब्यूटाइल रबरचे मागितले तर परचेसवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सोन्याची अंगठी मागितली. हवेतली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने २०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दोनशे, पण नाकाला कळेपर्यंत ती ओलांडलेली असू शकते. यार्डातले सगळे मात्र वास नाही म्हणजे धोका नाही याच हिशेबाने चालतात. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने वाफ पेट घेईल ते तापमान, ११ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे बारा महिने ठिणगीची वाट बघत बसलेलं. त्यात उन्हात ज्योत दिसत नाही. निळी दिसते म्हणून लॅबमागे माझ्याशी भांडला होतास ना? रात्री दिसते, लेका! भर दुपारी नाही. अजूनही माझंच खरं.

तर बाटली मी काढून घेतली आणि निअर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, रिपोर्ट टाकला, नाव न घालता. आता वरून नाव मागतायत. दिलं तर उद्या त्याचा गेटपास जाईल, परवा कॉन्ट्रॅक्टर दुसरा आणेल, आणि त्यालाही पेंट काढायला काही देणार नाहीत. नाही दिलं तर ड्रममागे जी तूट निघते ती 'उडून गेलं' या रकान्यात जातच राहील. ती सगळी उडते यावर माझा विश्वास नाही. सगळी बाटल्यांतून जाते असंही म्हणवत नाही. पंपाला कुलूप घाला आणि किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे ठेवा, एवढं मागतोय, त्यावर 'बघू'. झोप उडालीय. ही म्हणते, तुझं नेहमीचंच.

चिनूच्या अॅडमिशनचं झालं का? जागेचा व्यवहार वकिलाला दाखवल्याशिवाय करू नकोस. वहिनींना नमस्कार.

नाव देऊ की नको, ते शुक्रवारपर्यंत कळव. शनिवारी मीटिंग आहे.

तुझा
बाळ्या

ता. क. तुझ्या वर्कशॉपात पोरं हात कशाने धुतात? पेस्ट असते ना कसली तरी? नाव लिही, चिपळुणात मिळाली तर डबा मीच आणून ठेवतो.