नांगर टाकताना: सर्व सभासदांसाठी सूचना

सभासदहो, किनाऱ्याकिनाऱ्याने शिडाच्या बोटी घेऊन निघताना नांगराकडे नीट लक्ष द्या, ही कळकळीची विनंती.

साखळी किती सोडायची याचा हिशोब भरतीच्या पाण्यावर करा. आत्ता खोली ४ मीटर, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यापासून १ मीटर वर आणि पाणी अजून २ मीटर चढणार असेल, तर खोली धरायची ७ मीटर. साखळी त्याच्या निदान पाचपट, म्हणजे ३५ मीटर. दोर असेल तर सातपट. वारा वाढणार असेल तर आणखी सोडा, हात आखडू नका. मग इंजिन उलटं चालवून बोट हळूहळू मागे घ्या आणि नांगर रुतवा. साखळीवर हात ठेवा: थरथर किंवा हिसके जाणवले तर नांगर घसरतोय, उचलून पुन्हा टाका. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवल्या की रात्रीही खात्री करता येते.

आधी नांगरलेल्याचा मान पहिला. त्याने किती साखळी सोडली आहे ते हाक मारून विचारा. कारण वारा फिरला की सगळ्याच बोटी आपापल्या नांगराभोवती फिरतात. खरं तर ओळखी अशाच होतात, आणि तळ वाळूचा की खडकाळ हे शेजारच्या बोटीवरच नेमकं कळतं.

अंधार पडताच सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा लावा, दिवसा काळा गोळा. व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) १६ नंबरच्या चॅनेलवर चालू राहू द्या.