कुटुंबाच्या न्यायालयीन लढ्यासाठी निधी व जामीनदार हवेत : तातडीचे आवाहन

समितीचे सभासद व हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

प्रकरण सर्वांच्या कानावर आहेच. रात्री घरात शिरून बापलेकांना लाठीने मारले, सोडवायला गेलेल्या आईचा हात पिरगाळला, असा कुटुंबाचा पोलिसांवर आरोप आहे. उलट बापलेकांवरच सरकारी कामात अडथळ्याचे कलम लागले (जुन्या दंड संहितेचे ३५३, आता भारतीय न्याय संहितेचे १३२). खरेखोटे चौकशीत ठरेल. तोवर पुरावा टिकला पाहिजे, घाई त्याचीच आहे.

मागच्या प्रकरणात आपल्या निवृत्त डॉक्टरसाहेबांनी केसपेपरचे पान न् पान वाचून दिले. टायपिंगवाल्या ताईंनी रात्री जागून प्रतिज्ञापत्रे तयार केली आणि झेरॉक्सचे पैसेही घेतले नाहीत. नाव न सांगता पाकीट ठेवून गेलेल्या त्या काकांना तर समिती विसरूच शकत नाही. या मंडळींच्या जिवावर समिती उभी आहे. निषेध सभेत पुढच्या रांगेत बसलेले बरेच जण वर्गणीच्या वेळी मात्र फोन उचलत नव्हते. असो.

वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. अटकेतल्या व्यक्तीला आणि महिलेला तर उत्पन्नाची अटही नाही. पैसा लागतो तो नकला, तपासण्या, प्रवास आणि बुडालेल्या रोजगारापायी. वळ दोन दिवसांनी जास्त उठतात आणि आठवड्याभरात पिवळे पडू लागतात, मग विरतात. म्हणून फोटो रोज, उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून, एक लांबून व एक जवळून काढायचे. केसपेपरवर ‘पडल्याने’ असे लिहिले गेले की प्रकरण तिथेच लंगडे पडते. जखम कुठे, किती लांब, कोणत्या रंगाची हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

ज्यांनी मोबाइलवर चित्रीकरण केले त्यांनी ते व्हॉट्सॲपवर फिरवू नये, फाइल दाबली जाते व तारीख-वेळेच्या मूळ नोंदी पुसल्या जातात. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. चित्रीकरण न्यायालयात पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागेल.

पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर किमान वर्षभर ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावले आहे. तरी ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर ठरलेलेच. त्यामुळे तारीख, वेळ आणि फाटक, व्हरांडा, कोठडीबाहेरचा भाग असे नेमके लिहून चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज पोलीस अधीक्षकांकडे आताच जायला हवा, पोचसहित. तक्रार नोंदवून घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात अधीक्षकांना, मग दंडाधिकाऱ्यांकडे. मानवी हक्क आयोगाला मुदत एक वर्षाचीच.

जामीनदार दोन हवेत : ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, सगळे मूळ प्रतींसह. निधी रोख वा धनादेशाने कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८, पावती घेतल्याशिवाय देऊ नये. साक्षीदारांनी आधी चिटणिसांना भेटावे, रविवार सोडून.

आपला,
चिटणीस