विषय: 160 मिमी ट्रॅव्हल (मागच्या चाकाचा वर-खाली प्रवास) म्हणून विकलेल्या सायकलीला प्रत्यक्षात 148 मिमी ट्रॅव्हल असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

जानेवारीत मी आपल्या पुण्यातल्या विक्रेत्याकडून फुल-सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी) माउंटन बाइक घेतली. साइझ एल, किंमत 3,40,000 रुपये. दोन वर्षं पैसे साठवले होते आणि घेण्याआधी आपला जॉमेट्री चार्ट (सायकलीच्या मापांचा तक्ता) जवळजवळ पाठ केला होता. पुढे 170 मिमी दबणारा फोर्क (पुढचं सस्पेन्शन), मागे 160 मिमी ट्रॅव्हल, हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कल) 64 अंश, मागचा शॉक 205 बाय 65 (लांबी 205 मिमी, आणि तो जेवढा दबतो ते अंतर, म्हणजे स्ट्रोक, 65 मिमी), दोन्ही चाकांना 203 मिमीचे रोटर (ब्रेकच्या चकत्या). मी याच आकड्यांचे पैसे मोजले.

मी कोथरूडला राहतो. आठवड्यातून तीन-चार सकाळी वेताळ टेकडीवर जातो. खाणीच्या बाजूने उतरताना मुरूम सुटा असतो आणि मधेच दगडांच्या पायऱ्या लागतात. पहिल्या आठवड्यापासून तिथे मागचा शॉक तळाला आपटू लागला. माझं वजन 88 किलो. सॅग (मी बसल्यावर शॉक जेवढा दबतो तो भाग) 30 टक्के ठेवायचा म्हणून 65 च्या हिशेबाने ओ-रिंग (शॉक किती दबला ते दाखवणारं रबरी कडं) साडेएकोणीस मिलिमीटरवर लावली होती. हवा वाढवली, आतले व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारे तुकडे) वाढवले. आपटणं कमी झालं, पण सायकल दगडासारखी कडक झाली आणि बारीक खडीवर मागचं चाक उडू लागलं. तीन महिने मला वाटत होतं की चूक माझ्या सेटिंगची आहे.

एप्रिलमध्ये एका रविवारी शॉकमधली हवा पूर्ण सोडली, सॅडलवर भार देऊन सस्पेन्शन शेवटपर्यंत दाबलं आणि ओ-रिंग कुठे सरकली ते व्हर्नियरने मोजलं. 59.9. पुन्हा मोजलं, 60. मागच्या आसाचा उभा प्रवास 148 मिमी भरला. हिशेबही तेच सांगतो: 65 ला 160, तर 60 ला 148 च्या आत-बाहेर. शॉकवरच्या स्टिकरवर मात्र आजही 205 बाय 65 लिहिलेलं आहे.

पन्नास तासांची सर्व्हिस करायला शॉक आपल्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिला, तेव्हा तिथल्या मेकॅनिकने उघडून माझ्या समोर ठेवला. शाफ्टवर पाच मिलिमीटर जाडीची काळ्या प्लॅस्टिकची रिंग होती. स्ट्रोक कमी करण्यासाठी कारखान्यात घालतात तीच. त्याने ती पुसून तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, ही इथे असायला नको."

शॉकची लांबी 205 च असल्यामुळे उभ्या सायकलीच्या जॉमेट्रीत काही बदल होत नाही. हेड अँगल तोच, बॉटम ब्रॅकेटची (पॅडलच्या आसाची) उंची तीच. दुकानात सायकल कितीही न्याहाळली तरी फरक दिसणार नाही. तो उतारावर कळतो. मी 30 टक्के समजत होतो तो सॅग खरं तर साडेबत्तीस टक्के होता, आणि त्यापुढे साडेपंचेचाळीस मिलिमीटर शिल्लक असायला हवे तिथे साडेचाळीसच होते. पुढचा फोर्क अजून गिळतोय आणि मागचा संपलाय, अशा वेळी मागून धक्का बसतो आणि माणूस हँडलवर फेकला जातो. मार्चमध्ये एका दीड फुटी पायरीवर माझं हेच झालं. डावं मनगट तीन आठवडे बांधून होतं.

मी ही गोष्ट ई-मेलने कळवली तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी उत्तर दिलं की सर्वसाधारण वापरात फरक जाणवणार नाही, आणि हवं तर रिंग काढून घ्यावी. हे उत्तर मला सर्वांत जास्त काळजीचं वाटतं. रिंग काढणं अर्ध्या तासाचं काम आहे, ते मलाही माहीत आहे. पण ती घातली का, हे कळल्याशिवाय मी ती काढणार नाही. एल साइझमध्ये पूर्ण 65 स्ट्रोक वापरला तर 29 इंची टायर सीट ट्यूबला (सीटखालच्या नळीला) घासतो का? लिंकेज (शॉकला जोडलेले सांधे) फ्रेमला लागतं का? म्हणून तर ती रिंग नाही ना घातली? तसं असेल तर रिंग काढून उतरणारा माणूस एखाद्या मोठ्या धक्क्याला मागचं चाक जाम करून घेईल. आणि तसं नसेल, कुणी चुकून दुसऱ्या मॉडेलचे शॉक लावले असतील, तर माझ्यासारख्या किती सायकली बाहेर गेल्या?

मागचा रोटरही 203 ऐवजी 180 चा आला आहे. तेवढ्याच बोटाच्या जोरावर 203 चा रोटर जवळजवळ 13 टक्के जास्त ताकद देतो. टेकडीवर सकाळी वयस्कर मंडळी फिरायला येतात, वळणावर समोर कुणी दिसलं की मला तिथल्या तिथे थांबावं लागतं.

आणखी एक, चार्टबद्दल. सीट अँगल 77 अंश छापला आहे, पण तो स्टॅकच्या उंचीवर (हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकाच्या पातळीवर) मोजलेला. आपली सीट ट्यूब बरीच मागे कललेली आहे. माझं सॅडल 78 सेंटिमीटरवर येतं, तिथे अँगल 76 च्या खालीच भरतो. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, पण कोणत्या सॅडल-उंचीला मोजला ते शेजारी छापा. उंच माणसाला चढावर त्याचा त्रास होतो.

माझी मागणी अशी: एल साइझला 65 स्ट्रोक सुरक्षित आहे की नाही, याचं आपल्या डिझाइन विभागाकडून लेखी उत्तर. सुरक्षित असेल तर योग्य स्ट्रोकचा शॉक आणि 203 चा रोटर अडॅप्टरसह, विनाशुल्क. नसेल तर सायकल परत घेऊन पूर्ण रक्कम. या पत्रापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी राहतो त्या जिल्ह्यातल्या, म्हणजे पुण्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

पावती, आपल्या चार्टची छापील प्रत, व्हर्नियरचे आणि रिंगचे फोटो सोबत जोडले आहेत. रिंग पुन्हा जागेवर बसवून घेतली आहे आणि शॉकला हात लावलेला नाही. आपला माणूस मोजायला येणार असेल तर संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.

आपला,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे