मी येईपर्यंत किक मारू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात की बुलेट पडवीतून बाहेर काढली, पुसून घेतली, आता एकदा किक मारून बघतो. कृपा करून मारू नका. गाडी आठ वर्षं जागची हललेली नाही. दिवाळीला मी येईपर्यंत घरच्या घरी काय करता येईल आणि मग आपण दोघं मिळून ती कशी उभी करणार आहोत, ते सविस्तर लिहिते.

आधी इंजिन. या जुन्या लोखंडी इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी नाही. क्रँककेसच्याच, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्याच, एका कप्प्यात ऑइल असतं आणि पंप ते फिरवतो. गाडी नुसती उभी राहिली की ते पंपातून झिरपत क्रँकच्या बाजूला जमतं आणि वर सिलिंडर कोरडा पडतो. आपल्याकडच्या आठ पावसाळ्यांत पिस्टनवरच्या रिंगांनी सिलिंडरला धरलं असणार. अशात किक मारली तर रिंग तुटते किंवा सिलिंडरला उभा ओरखडा पडतो, आणि मग बोअर केल्याशिवाय, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा केल्याशिवाय, गत्यंतर नाही.

म्हणून एवढंच करा. प्लग काढा. अर्धं डिझेल आणि अर्धं इंजिन ऑइल असं मिश्रण करून दोन मोठे चमचे प्लगच्या भोकातून आत सोडा, भोकावर स्वच्छ फडकं ठेवा आणि तीन दिवस हात लावू नका. चौथ्या दिवशी गाडी मेन स्टँडवर घ्या, चौथा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने हलकेच ढकला. हललं तर उत्तम. नाही हललं तर पुन्हा दोन चमचे आणि पुन्हा तीन दिवस. हातोडी नको, पाइप लावून जोर नको.

पिस्टन सुटला की खालचे ड्रेन प्लग खोलून ऑइल परातीत काढा. क्रँककेसचा प्लग वेगळा आणि ऑइलच्या कप्प्याचा वेगळा, दोन्ही खोला. सगळं मिळून सव्वादोन लिटरच्या आसपास भरायला हवं. ऑइल ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी गेलंय. परातीच्या तळाशी चकचकीत कुसं दिसली तर त्यांच्यावरून चुंबक फिरवा. चिकटली तर बेअरिंग किंवा गिअरचं लोखंड, नाही चिकटली तर बिगएन्डचा (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा) बुश किंवा पिस्टन. यावरूनच इंजिन पूर्ण खोलायचं की हेड-सिलिंडरवर भागेल हे ठरेल. हेड आणि सिलिंडर उतरवल्यावर कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली ओढून बघायचा. डावी-उजवीकडे थोडा हलला तर चालतं, वर-खाली अजिबात हलता कामा नये.

बोअर करावा लागला तर शिवाजी उद्यमनगरात उत्तम होईल, पण पिस्टन आधी विकत घेऊन सिलिंडरबरोबरच न्यायचा. मूळ बोअर ७० मिलिमीटर. पिस्टनच्या डब्यावर ‘२० थाउ’ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेवढा मोठा पिस्टन) छापलेलं असलं तरी प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरवर थोडा वेगळा भरतो, म्हणून हातातल्या पिस्टनच्या मापाने बोअर करायचा. रिंग एकटीच सिलिंडरात सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट ११ ते १५ थाउ आहे ना ते बघायचं. फट कमी पडली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते.

पाने मात्र वेगळे लागतील, हे आधीच सांगते. बुलेट जन्माने इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५ पासून मद्रासला बनू लागली तरी नट-बोल्ट इंचीच राहिले. फ्रेमवरच्या बऱ्याच बोल्टांना इंचाला २६ आटे आहेत. त्या जागी बाजारातला ८ मिलिमीटरचा बोल्ट हाताने दोन-तीन आटे जातो, मग अडतो, आणि पान्याने रेटला की आतले आटे कायमचे जातात. जुन्या गाड्यांची निम्मी दुखणी इथून सुरू होतात. तुमच्या लाकडी पेटीतले काळे इंची पाने कुणाला देऊ नका.

आता रूपाचं. काकांचा मुलगा म्हणतो, मागची फ्रेम कापून बॉबर, म्हणजे मागून छाटलेली गाडी, करू. बाबा, याला ठाम नकार द्या. आरसी बुकात नोंदलेल्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने मनाई आहे. शिवाय ही गाडी १९७३ ची, म्हणजे पन्नाशी उलटलेली. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ती बसते, पण मूळ रूपात असली तरच. एकदा ग्राइंडर फिरला की ती वाट बंद. मात्र ‘व्हीए’ अक्षरांचा तो खास नंबर घ्यावा असंही मला वाटत नाही, कारण मग गाडी रोज वापरता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरती बाहेर काढता येते. तुम्हाला तर रंकाळ्यापर्यंत चक्कर मारायची आहे. आपण साधी नोंदणीच ५ वर्षांसाठी वाढवून घेऊ. त्यासाठी चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट लागेल, म्हणून नंबरावरचा गंज घासू नका, रॉकेलच्या फडक्याने नुसता पुसा.

माझ्या मते बांधणीची खरी कला कापण्यात नाही. जे बदलायचं ते असं बदलायचं, की संध्याकाळभरात मूळचं परत बसवता यावं. स्प्रिंगची एकटी सीट मूळ भोकांवरच बसेल अशा पट्ट्या करून घेऊ. सीट दोन बोटं खाली आली की तुमचे दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकतील. हँडल थोडं मागे वळलेलं लावू, म्हणजे पाठ ताठ राहील. पण हँडल बदललं की क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या केबल्स त्याच मापाच्या लागतात. आखूड केबल हँडल पूर्ण वळवल्यावर ताणते आणि गाडी आपोआप रेस होते. चाकं १९ इंचीच राहतील, टायर दोन्हीकडे ३.२५. जुने ब्रेक शू काढताना ड्रममधली धूळ फुंकायची नाही. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने टिपून घ्यायची.

टाकीचा रंग मला बदलायचा नाही. त्यावरची सोनेरी रेघ हाताने ओढलेली आहे. उन्हात तिरकी धरून बघा: लांब केसांच्या कुंचल्याने ती एका दमात गेली आहे, आणि खाली जिथे दोन टोकं मिळतात तिथे केसभर जाड झाली आहे. स्टिकरला असा सांधा नसतो.

आई, टाकीच्या आतला गंज काढायचं काम तुझ्याकडे. साधारण एक किलो लिंबूसत्त्व आण. बाबांनी पेट्रोल काढून, खालचा पेट्रोलचा कॉक उतरवून ते भोक बुचाने घट्ट बंद केलं की टाकी साबणाच्या पाण्याने दोनदा धू, मग लिटरला साठ-सत्तर ग्रॅम या हिशेबाने कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून टाकी काठोकाठ भर. एक दिवस ठेव. रंगावर थेंब पडला तर लगेच पुसून घे. ओतून दिल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळ आणि लगेच केस वाळवायच्या यंत्राने वाळव. तासभर जरी ओली राहिली तरी आत पुन्हा तांबूस साय धरते. वाळली की वाटीभर इंजिन ऑइल घालून टाकी चहूकडून फिरव. आणि टाकीला गळती दिसली तर कुणालाही वेल्डिंग करू देऊ नका. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते आणि तिचा स्फोट होतो.

बाबा, तुमच्या गुडघ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. उलटी किक बसते ती ठिणगी वेळेआधी पडल्यामुळे. आधी पॉइंटची (उघडले की ठिणगी पाडणाऱ्या टोकांची) फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लावायची, टायमिंग त्यानंतर, कारण फट हलली की टायमिंगही हलतं. पिस्टन वर पोचायला ०.८ मिलिमीटर उरलेला असताना पॉइंट उघडायला हवेत. प्लगचं भोक तिरकं आहे, त्यातून तार घालून माप खोटं येतं, म्हणून हेड उतरलेलं असतानाच डेप्थ गेजने मोजू. पॉइंटच्या मागची ॲडव्हान्सची वजनं (वेग वाढला की उघडून ठिणगी लवकर पाडणारी) बोटाने उघडून सोडली की स्प्रिंगने झटकन मिटली पाहिजेत. ग्रीस वाळून ती उघडीच अडकली, तर माप अचूक असूनही किक उलटी बसते. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इंजिन थंड असताना शून्यावर: पुशरॉड दोन बोटांत गरगर फिरावा, पण वर-खाली खुळखुळू नये.

ऑइल फिल्टर बदलल्यावर त्याचा कप्पा भरेपर्यंत बिगएन्डला ऑइल पोचत नाही. म्हणून तो कप्पा ऑइलने भरून घेऊ, पहिली काही मिनिटं गाडी नुसती आयडलवर ठेवू आणि बंद करून पातळी पुन्हा बघू. रॉकरला (हेडमधल्या, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांना) जाणाऱ्या पाइपचा बोल्ट किंचित सैल केला की तिथे ऑइल पाझरताना दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर तत्क्षणी इंजिन बंद.

प्लग काढलात की त्याच्या टोकाचा जवळून फोटो पाठवा. काळी कोरडी काजळी आहे की ओलसर तेलकट थर, ते कळलं की रिंगा इथूनच घेऊन येते. आणि आई, निघालेले नट-बोल्ट ठेवायला अंड्यांचे पुठ्ठे जपून ठेव. प्रत्येक खळग्यात एका जागेचेच घालायचे आणि शेजारी पेन्सिलने जागेचं नाव लिहायचं.

तुमची,
मनू