लिस्बनला दोघंच जाताय म्हणून

चि. मनू,

तुझी ती एक्सेल शीट मिळाली. रंगबिरंगी आहे, जावईबापूंनी मेहनत घेतलीय हे दिसतंय, पण अगं सकाळी साडेआठला बेलेम, अकराला किल्ला, एकला लिफ्ट, तीनला सिंत्रा... फिरायला चाललायत की जनगणनेला? फोनवर सांगितलं तर तू "हो बाबा हो बाबा" करून ठेवून देशील म्हणून आई म्हणाली लिहाच तिला, तर लिहितोय. नीट वाच, आणि त्यालाही वाचायला दे.

आम्ही दोघं तिथं फिरलो त्यावरनं सांगतो, लिस्बन हे स्पॉट बघायचं शहर नाही, आळ्या-आळ्यांनी बघायचं शहर आहे. आणि प्रत्येक आळीची आपली एक वेळ असते, ती साधली तर मजा, नाहीतर तीच गल्ली नुसता वैताग.

आल्फामा सकाळी. म्हणजे खरंच सकाळी, नाश्त्याच्याही आधी. दहानंतर टूरवाल्यांचे घोळके आणि टुकटुक, हो, आपल्यासारख्याच रिक्षा आहेत तिथं, भाडं ऐकून मात्र आईने पदर खोचून चालायला सुरुवात केली. १ नोव्हेंबर १७५५ ला तिकडं भयंकर भूकंप झाला, सणाचा दिवस, चर्चमध्ये मेणबत्त्या लागलेल्या, आधी हादरे मग नदीतनं समुद्राची लाट आणि वर दिवसेंदिवस आग, जवळजवळ अख्खं शहर गेलं पण आल्फामा बरीचशी वाचली. म्हणून तिथल्या गल्ल्या अजून जुन्या वळणाच्या, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने दारात चढायचं. वाळत घातलेले कपडे डोक्यावर, खिडकीत कुंड्या, आणि खाली दगडांवर सूटकेसच्या चाकांचा खडखडाट. त्या आवाजाचं मला वाईट वाटलं बघ, कारण घरं भराभर टुरिस्टांच्या भाड्याला गेली आणि जुने लोक बाहेर पडले, इतके की २०१८ मध्ये महापालिकेला त्या भागात नवीन परवाने थांबवायला लागले. त्यामुळे तुम्ही राहायला ग्रासा किंवा कांपो द औरिक बघा, तिथं अजून सकाळी बाप्ये कॉफी प्यायला उभे असतात आणि भाजीवाली भाजीच विकते.

आल्फामाच्या वर सांता लुझिया म्हणून गच्चीसारखी जागा आहे, तिथनं नदी बघून सगळे फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही चर्चची बाहेरची भिंत बघा. निळ्या टाइल्सवर नदीकाठचा मोठा चौक काढलाय, भूकंपाआधीचा. आता त्या जागी जो चौक आहे तो नंतर बांधलेला. तिथनं उतरून बायशात, म्हणजे खालच्या सपाट भागात गेलात की सरळ काटकोनात रस्ते, तेव्हाचा मंत्री मार्किस द पोंबाल याने नव्याने वसवलेलं सगळं, भिंतींच्या आत लाकडाचे पिंजरे घालून, म्हणजे परत हादरा बसला तर इमारत हलेल पण पडणार नाही. सैनिकांना आजूबाजूला पाय आपटत चालवून त्याची टेस्ट घेतली असं सांगतात. बाकी बायशात थांबू नका, दारात मेन्यूकार्ड घेऊन उभे असलेले लोक हात धरून बसवतात.

आता माझी आवडती जागा. साऊं विसेंत द फोरा. तुमच्या शीटमध्ये नाहीच! त्या मठात ब्रागांझा या पोर्तुगालच्या राजघराण्यातल्या राजाराण्यांच्या कबरी आहेत आणि त्यात एक कॅथरिनची, म्हणजे जिच्या लग्नात १६६१ च्या करारानं आपली मुंबई हुंड्यात दिली ती. तिच्या नवऱ्याने, इंग्लंडच्या राजाने, पुढं ती बेटं ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली आणि हिच्या वाट्याला काय, तर नवऱ्याच्या लफड्यांवर गप्प बसणं. तो गेल्यावर काही वर्षांनी ती माहेरी परत आली ती कायमची. आई तिथं बराच वेळ उभी होती, बाहेर आल्यावर म्हणाली चर्चगेट लोकलमध्ये इतकी वर्षं लटकलो ते हिच्या हुंड्यात होय. मठाच्या मागेच मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो, फेइरा दा लाद्रा, चोरबाजारच समज. हिंडा खुशाल पण जुन्या टाइल्स विकत घेऊ नका, त्यातल्या कित्येक कुणाच्या तरी भिंतीवरनं उपटलेल्या असतात.

दुपारी जेवायला मोउरारिया. ११४७ मध्ये ख्रिस्ती राजाने शहर घेतलं तेव्हा मुसलमानांना तटाबाहेर ही जागा दिली, आज तिथं बांगलादेशी, नेपाळी, चिनी, आपले लोक, सगळे. शाकाहारी जावयाची पंचाईत होणार नाही, कारण बाकी ठिकाणी साध्या कोबीच्या सूपमध्येसुद्धा सॉसेजची चकती तरंगत येते. आणि बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह आणून ठेवतात ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत करा.

शियादोवरनं कार्मोला जा. चर्चचं छप्पर १७५५ ला पडलं ते पडलंच, नुसत्या कमानी आणि वर आभाळ, अगदी आपल्या वसईच्या किल्ल्यातल्या चर्चसारखं, फक्त इथं तिकीट आहे आणि शेवाळ नाही. समोरच्या चौकात जांभळ्या जॅकरांडाचा सडा असेल जूनमध्ये, बाकावर बसा निवांत. त्याच चौकातल्या बराकीत २५ एप्रिल १९७४ ला तिथला हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान शरण आला, लोकांनी सैनिकांच्या बंदुकीत कार्नेशनची फुलं खोचली. गोवा भारताचाच हे पोर्तुगालने कागदावर मान्य केलं तेही त्यानंतरच, त्या वर्षाच्या अखेरीस.

बेलेम करा पण अर्ध्या दिवसात, आणि सोमवारी नको, तिथला जेरोनिमोसचा मठ बंद असतो. वास्को द गामाची कबर तिथल्या चर्चच्या दारातनं आत शिरल्यावरच आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली त्या गावचे आपण, तिथं फार काही हात जोडायची गरज नाही. १८३७ पासूनच्या त्या पेस्ट्रीच्या दुकानाबाहेर लाइन दिसेल ती पार्सलची, तुम्ही आत जाऊन बसा, आत हॉलच्या हॉल आहेत. वरनं दालचिनी भुरभुरवून गरम खायची.

अठ्ठावीस नंबरची ट्राम दुपारी अजिबात नको, दादरला संध्याकाळी चढल्यासारखं होतं आणि पाकीटमार डोळ्यात तेल घालून बसलेले असतात. कांपो द औरिककडच्या शेवटच्या स्टॉपवरनं सकाळी लवकर बसा, खिडकी मिळेल. बूट चांगल्या ग्रिपचे घे, ती पांढऱ्या दगडांची फुटपाथ गुळगुळीत झालीय, उताराला पाऊस आला तर जावयाचा दंड घट्ट धरून चाल, आईने माझा धरला होता, तीस-पस्तीस वर्षांत रस्त्यावर पहिल्यांदाच.

तारखा बघितल्या तर तुम्ही १२ जूनच्या रात्री तिथंच आहात! हे माहीत होतं का तुम्हाला? सांत अंतोनची रात्र असते, तिथं तो लग्न जुळवणारा संत, त्या दिवशी कॅथेड्रलमध्ये एकदम अनेक जोडप्यांची लग्नं लावतात, आणि रात्री आल्फामाच्या गल्लीगल्लीत सार्डिन भाजतात, धुरानं कपडे वास मारतात. बारीक पानांच्या तुळशीची छोटी कुंडी मिळते, मांजेरिको, वर कागदी फूल आणि चार ओळींची कविता टोचलेली, आवडत्या माणसाला द्यायची. नाक लावून वास नाही घ्यायचा, कोमेजते म्हणतात, तळहात हलका फिरवायचा आणि मग हाताचा वास घ्यायचा. जावयाला हे आत्ताच सांगू नकोस, बघू त्याला आपणहून सुचतं का. मला दुकानदाराने सुचवलं होतं.

तर ती शीट डिलीट करा. एक संध्याकाळ काइश दु सोद्रेवरनं फेरीबोटीने पलीकडे कासिल्याशला जा, दहा मिनिटांचा प्रवास, आणि एक संध्याकाळ सेन्योरा दु मोंतच्या टेकडीवर, बाकी मोकळं ठेवा. सिंत्रा काढून टाका, त्याला वेगळा अख्खा दिवस लागतो. आणि टिनमधले मासे आणू नका कितीही सुंदर डबा असला तरी, आई फ्रीजमध्ये ठेवू देणार नाही.

बाबा

ता. क. आई म्हणतेय की रोज रात्री फोन करायची गरज नाही. पोचल्याचा मेसेज मात्र टाक.