पेज सोडू नकोस

वाळपई

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोटात कँडिडा नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलंय असं म्हणून तुला कुणीतरी दिलेली पथ्याची यादी वाचली. भात नको, पाव नको, डाळ नको, फळ नको, दही नको, आणि हे सगळं तीन महिने. ती यादी बाजूला ठेव. सायनससाठी लागोपाठ अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाल्यावर पोट फुगणं, वारा धरणं, कधी पातळ कधी घट्ट होणं हे पुष्कळांना होतं. पण त्यावर असं उपाशी राहिलीस तर पोट सुधारायला उलट जास्त दिवस लागतील.

हे कँडिडा बहुतेक निरोगी माणसांच्या आतड्यात थोडंफार असतंच. तिथले जिवाणू त्याला वाढू देत नाहीत. ते अन्न आधी संपवतात, आतड्याच्या अस्तरावरची जागा धरून बसतात आणि लॅक्टिक, अ‍ॅसेटिक अशी आम्लं तयार करतात. आम्ल असलेल्या जागी कँडिडा गोल पेशीच्या रूपात गप्प राहतं. आम्ल कमी झालं की त्याला धागे फुटतात आणि ते अस्तराला चिकटतात. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, यीस्टला त्याने काहीच होत नाही. वायंगणात, म्हणजे उन्हाळी भातशेतीत, रोपं विरळ झाली की तण माजतं, तसंच हे आहे. इलाज रोपं दाट करण्याचा. जिवाणूंचं खाणं म्हणजे न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचणारा चोथा, म्हणजे फायबर, आणि स्टार्च. तुझ्या यादीने नेमकं तेच बंद केलंय.

एक गोष्ट मात्र आधी. तुला कँडिडाच वाढलाय हे अजून ठरलेलं नाही. शौचाच्या तपासणीत यीस्ट दिसलं एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण ते निरोगी माणसातही दिसतं. लहान आतड्यात ते खरंच वाढलंय का, हे पाहायला एंडोस्कोपीतून तिथला द्रव काढून कल्चर करावं लागतं. सकाळी ग्लासभर पाण्यात थुंकून धागे पाहायची चाचणी निव्वळ खुळचट आहे. लाळेतल्या चिकट द्रव्यामुळे कुणाचीही लाळ तशी लोंबते. त्यापेक्षा रक्तातली उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, तपासून घे. साखर वाढलेली असेल तर यीस्ट पुन्हा पुन्हा डोकं वर काढतं. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज महिनोन्महिने घेत असशील तर तेही डॉक्टरांना सांग.

आता गोडाचं. साखर तोडली की यीस्ट मरतं असं म्हणतात, ते तितकं सरळ नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना मुद्दाम जादा साखर खायला घातली, तरी आतड्यातल्या कँडिडात फारसा फरक दिसला नाही. तरीही वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेव, म्हणजे सहा चमचे. दोन चमचे साखरेचे तीन चहा झाले की हा वाटा संपला. थंड पेयाच्या एका बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते, ती पूर्णपणे बंद कर. बिअर, उर्राकही महिनाभर नको, दारूने अस्तर आणखी चिडतं. केळं, पेरू, पपई यांची भीती नको, दिवसाला दोन फळं चावून खा. फक्त रस काढू नकोस, चोथा जातो आणि साखर तेवढी उरते. चवथीला एखादी नेवरी (करंजी) खाल्लीस म्हणून काही बिघडत नाही.

सकाळी पेज घे. ४० ग्रॅम उकडे तांदूळ धुऊन तासभर भिजव आणि अर्धा लिटर पाण्यात मंद आचेवर शिजव. उकडा तांदूळ मऊ व्हायला पाऊण तास लागतो, घाई केलीस तर दाणा आत कच्चा राहून पोट जड होतं. उकड्यात स्टार्चचा काही भाग न पचणारा झालेला असतो, आणि भात शिजवून थंड केला की तो आणखी वाढतो. परत गरम केलास तरी बराचसा टिकतो. म्हणून आदल्या रात्री शिजवलीस तरी चालेल. पण रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस! आपल्या दमट हवेत शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो आणि त्याचं विष उकळूनही जात नाही. ताटलीत पसरून लवकर गार कर, तासाभरात फ्रिजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी संपव. नाचण्याचं सत्त्व गाळून काढतात त्यात चोथा राहत नाही, तेव्हा आंबील पिठाची कर: दोन चमचे पीठ पाण्यात कालवून शिजव, कोमट झाल्यावर ताक घाल. उकळत्यात घातलंस तर ताकातले जंतू मरतात. कढीलाही हेच लागू. कढी चवीला छान, पण जिवंत जंतूंसाठी ताक कच्चंच प्यायचं.

दही घरी लाव. अर्धा लिटर दूध उकळून कोमट होऊ दे. करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे. एक लहान चमचा विरजण नीट घुसळून मिसळ आणि भांडं हलवू नकोस. उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात, या पावसात सात-आठ लागतील. दूध जास्त गरम असलं तर विरजणच मरतं. विरजण जास्त पडलं तर दही आंबट होतं आणि पाणी सोडतं. बाजारचं घेतलंस तर साधं घे, फळाच्या चवीचं नको. जुलाबानंतर काही दिवस दूध पचत नाही, पण दह्यातली लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जंतूंनी थोडी संपवलेली असते, त्यामुळे ते बहुधा सोसतं. दुपारी जेवणाबरोबर वाटीभर दही किंवा दोन पेले पातळ ताक पुरे. पुढे कधी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घ्यावं लागलं तर दही त्या गोळीच्या जवळपास खाऊ नकोस, कॅल्शियम गोळीला धरतो आणि ती अंगी लागत नाही. किती तासांचं अंतर ठेवायचं ते औषधवाल्याला विचार.

चेपणीचे तोर, म्हणजे मिठात दाबलेल्या कैऱ्या, आवडतात म्हणून विचारलंस. इतक्या मिठात उपयोगी जंतू फारसे टिकत नाहीत, तेव्हा चवीपुरती एखादी फोड धुऊन खा. हवंच असेल तर अर्धा किलो गाजर-मुळ्याच्या चकत्यांना दहा ग्रॅम मीठ चोळ, सुटलेल्या पाण्यात त्या पूर्ण बुडतील अशा दाबून ठेव. तीन-चार दिवसांत आंबतात. चकत्या पाण्याबाहेर राहिल्या की बुरशी धरते. वर काळा-गुलाबी लव दिसला तर अख्खी बरणी टाकून दे. जेवताना एक चमचा बस.

चोथ्याचं उद्दिष्ट दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, पण तिथे पोचायला महिना घे. सगळे इथेच चुकतात. एकदम वाटीभर अळसांदे (चवळी) खातात, पोट ढोलासारखं होतं, आणि मग ‘यीस्ट मरतंय म्हणून त्रास होतोय’ असं कुणीतरी सांगतं. तो नुसता वायू असतो. पहिल्या आठवड्यात दोन चमचे शिजवलेले अळसांदे किंवा मूग, दुसऱ्या आठवड्यात पाव वाटी, मग अर्धी. आठ तास भिजव, ते पाणी फेक, ताज्या पाण्यात शिजव. वायू करणाऱ्या साखरा त्या पाण्यात बऱ्याच उतरतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांबडी भाजी, दोडकी, मशिंगाच्या (शेवग्याच्या) शेंगा मिळतील. तायकिळो आणि घोट्यो या रानभाज्या मात्र पातळ होणं थांबल्यावरच कर. कांदा-लसूण जंतूंना आवडतात, पण शिजवूनही त्यांनी पोट फुगत असेल तर दोन आठवडे बंद करून पाहा आणि ते डॉक्टरांना सांग, दुखणं वेगळं असू शकतं.

पावातलं यीस्ट पोदेराच्या भट्टीत मरतं आणि ते कँडिडाही नव्हे. पावाची अडचण मैद्याची आहे, म्हणून कोंड्याची पोयी घे. नारळ सोडायचं कारणच नाही. खोबरेल दिल्यावर उंदरांच्या आतड्यातलं कँडिडा कमी झाल्याचं दिसलंय, माणसांत तसं ठरलेलं नाही. तेव्हा स्वयंपाकात दोन चमचे घाल, पण चमच्याने पिऊ नकोस, जुलाब होतील. सोलकढी बिनसाखरेची, जेवणानंतर एक वाटी. छातीत जळजळ असेल त्या दिवशी आगळ (कोकमाचा रस) नको.

बुलार्डीची पाकिटं मिळतात, तेही एक यीस्टच. लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून सापडलेलं. मँगोस्टीन आपल्या भिरंडांच्याच (कोकमांच्याच) कुळातलं. अँटिबायोटिक चालू असताना होणाऱ्या जुलाबांना ते उपयोगी पडतं. पण फ्लुकोनॅझोल या यीस्ट मारणाऱ्या औषधाबरोबर घेतलंस तर फुकट जाईल, आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेल्याने ते घेऊच नये. फ्लुकोनॅझोल स्वतःहून आणू नकोस, गो बाय. ते यकृताला बाधू शकतं आणि कितीतरी औषधांशी त्याचं पटत नाही.

ताप, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वजन उतरणं, तोंडात पांढरे चट्टे किंवा गिळताना दुखणं, यातलं काहीही दिसलं तर पेज-ताकावर थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अँटिबायोटिकनंतर दिवसातून तीनदा-चारदा पाण्यासारखं होऊ लागलं तरी तसंच, क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल (सी. डिफिसिल) नावाच्या जंतूची तपासणी लागते.

एका वहीत रोज तीन गोष्टी लिही: काय खाल्लंस, पोट केव्हा फुगलं, शौच कसं झालं. चार आठवडे झाले की वही घेऊन डॉक्टरांकडे जा. साखरेचे रिपोर्ट आले की मला फोन कर. उकडे तांदूळ आणि बिनसाखरेच्या आगळाची बाटली शनिवारी बाबांबरोबर पाठवते.

तुझी,
आई